बारा दिवसांचं पोहणं

"बाई, एका शब्दात सांगा. खाण धोक्याची आहे की नाही?"

प्रश्न विचारून मी खाली बसलो नाही, उभाच राहिलो. एप्रिल महिना, सकाळचे साडेअकरा, वीज गेलेली. तांबरगाव नगरपालिकेच्या सभागृहात आम्ही सतरा नगरसेवक विषयपत्रिकेच्या कागदानंच वारा घेत बसलो होतो. समोर मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलापाशी तोरसकर बाई उभ्या होत्या. कन्याशाळेत त्या पी.टी. शिकवायच्या. तिशी नुकतीच ओलांडलेली, अंगानं काटक, मूळच्या मालवणकडच्या. त्यांच्याच अर्जावरून विषय आला होता, म्हणून नगराध्यक्षांनी त्यांना माहिती द्यायला बोलावलं होतं.

"आहे ना," बाई म्हणाल्या. "धोक्याची आहे म्हणूनच तर मी..."

"एका शब्दात म्हणालो मी."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाईंनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

"मग अशा धोक्याच्या जागी तुम्ही रोज सकाळी लोकांच्या पोरी उतरवता कशा काय?"

आता सगळेच हसले. कुणी बाकावर थाप मारली. नगराध्यक्षांनी 'शांतता, शांतता' म्हटलं, पण तेही हसतच.

सत्याण्णव सालची गोष्ट आहे ही. मी काही राजकारणातला माणूस नव्हे. टॉवर चौकात माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. 'रासने मशीनवाले' म्हणून लोक ओळखायचे. चौकात पाच रस्ते येऊन मिळत. पायी चालणाऱ्याला जागा म्हणून नव्हती. कडेला हातगाड्या, हातगाड्यांच्या पुढे रिक्षा, आणि उरलेल्या वाटेनं माणसं, सायकली, एसट्या, आणि हंगामात कारखान्याला जाणारे उसाचे ट्रॅक्टर, एकामागे दोन-दोन ट्रेलर लावलेले.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत माझी मुलगी कल्याणी शाळेतून दुकानाकडे येत होती. नऊ वर्षांची होती. मी काउंटरवर होतो. तिनं मला हात केला, मीही केला. ट्रॅक्टर पुढे गेला तेव्हा तिला वाटलं रस्ता मोकळा झाला. मागचा दुसरा ट्रेलर तिला दिसला नाही.

एवढंच सांगतो. जास्त सांगवत नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी त्या चौकाच्या मागे लागलो. अर्ज केले, उपोषणाला बसलो. शेवटी चौकातल्या व्यापाऱ्यांनीच मला अपक्ष उभा केला आणि मी निवडून आलो. निवडून आलो म्हणण्यापेक्षा कल्याणी निवडून आली. लोकांनी तिच्याकडे बघून मत दिलं. मलाही ते मान्य होतं. मला एकच काम करायचं होतं: चौकात पदपथ, लोखंडी कठडे, पांढरे पट्टे आणि सिग्नल.

आणि नेमका त्याच सभेत विषय क्रमांक सहा माझा आला आणि विषय क्रमांक सात तोरसकर बाईंचा. मुलामुलींसाठी जलतरण तलाव. सरकारचा निधी एकाच कामाला पुरणारा होता.

सभेच्या चार दिवस आधी बाई माझ्या घरी येऊन गेल्या होत्या. मी दुकानातून जेवायला आलो तर त्या सुमतीबरोबर, म्हणजे माझ्या बायकोबरोबर, ओट्यावर बसून चहा पीत होत्या.

"रासनेभाऊ," त्या म्हणाल्या, "मी चौकाच्या आड येत नाहीये. चौक व्हायलाच पाहिजे. पण तलावाला तुम्ही विरोध करू नका. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी, तेवढा ठराव तरी होऊन राहू दे."

"बाई, पोहणं ही हौस आहे," मी म्हणालो. "रस्ता ओलांडणं ही हौस नाही."

"इथं हौस नाही हो. गावाला खाण आहे."

वडारवस्तीला लागून जुनी दगडखाण होती. दगड संपल्यावर तिच्यात पाणी साठलेलं. चाळीस फूट खोल, बाजू कापल्यासारख्या सरळ. वर्षाआड उन्हाळ्यात एखादं पोर तिच्यात बुडून जायचं. बाईंनी दोन वर्षांपासून तिथंच परीक्षा संपल्यावर पोहण्याचा वर्ग सुरू केला होता. पहाटे सहा ते आठ. एकीकडे दगड उतरता होता, तिथं. ट्रकच्या ट्यूबा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक बाईंच्या हातात. बहुतेक मुली वडारवस्तीच्याच.

"त्या मुली पाण्याच्या काठावर राहतात," बाई सांगत होत्या. "धुणं तिथं, भांडी तिथं. त्यांना पाण्यापासून लांब ठेवणं कुणाच्या हातात नाही. मग शिकवलेलं बरं, नाही का?"

मी बघू म्हणालो. मला त्यांचा राग आला नव्हता. पण त्या बोलत असताना सुमती त्यांच्याकडे ज्या ओढीनं बघत होती, ते मला आवडलं नाही. तीन वर्षांत तिनं कुणाकडे तसं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर सुमती घरात नाही. साडेआठला आली. पायाला चिखल.

"कुठं होतीस?"

"खाणीवर," ती म्हणाली. "बघून आले. अहो, अकरा मुली आहेत. एक रेणुका म्हणून आहे, नागव्वा धोत्रेची थोरली. तिला पाण्यात बघायला पाहिजे तुम्ही. नुसती हसते. बाई ओरडतात, तोंड बंद ठेव, पाणी जाईल, तरी हसते."

मी दुकानाच्या किल्ल्या शोधायला लागलो.

"बाईंच्या बाजूनं एखादा शब्द टाका ना," सुमती म्हणाली.

"कुणाच्या बाजूनं बोलायला मला तिथं पाठवलंय?" मी म्हणालो. माझा आवाज चढला असणार, कारण ती अगदी हळूच म्हणाली, "प्रत्येक वेळी तिच्या नावानं भांडू नका. तिला नसतं आवडलं." मी न्याहारी केली नाही, तसाच दुकानात गेलो.

तर सभेत काय झालं ते सांगत होतो.

हशा ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "मी असते म्हणून उतरवते. माझ्या हातात दोर असतो. मी नसताना त्या उतरतील तेव्हा त्यांना पोहता यावं म्हणून उतरवते."

हे बोलणं सभागृहात उतरलं. मला ते दिसलं. पुढच्या रांगेतल्या दोन नगरसेविकांनी माना डोलावल्या. नगराध्यक्ष पेन्सिलनं टेबलावर टकटक करायला लागले. ते विचारात पडले की असं करायचे. मी मनातल्या मनात हात मोजले. आमचे नऊ होते. त्यातले दोन आता डळमळत होते.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. आधी ठरवलेली नव्हती, खरं सांगतो. उभ्या उभ्या सुचली.

"अध्यक्षमहाराज," मी म्हणालो, "खाण धोक्याची आहे हे खुद्द बाईंनीच सभागृहापुढे कबूल केलंय. मग तलाव होईल तेव्हा होईल, त्याला वर्षं लागतील. आजचा धोका आज बंद करायला नको? माझी उपसूचना लिहून घ्या. खाणीला काटेरी तारेचं कुंपण घालावं, बोर्ड लावावा, आणि तिथं कुणीही, कुठल्याही कारणानं, वर्ग घेण्यासाठी किंवा शिकवण्यासाठीसुद्धा, पाण्यात उतरू नये, अशी मनाई करावी. आणि बुडायची भीतीच उरली नाही तर तलावाची घाई काय? निधी चौकाला द्यावा."

मग मी थांबलो. आवाज खाली आणला. "एका मुलीचा बाप म्हणून बोलतोय. गावातलं अजून एक पोर जाऊ नये, एवढंच."

डळमळणाऱ्या दोघींपैकी एकीनं डोळ्याला पदर लावला. सतराच्या सतरा हात वर गेले. मुख्याधिकाऱ्यांनी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.'

बाई अजून उभ्याच होत्या. त्यांना बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

"वर्ग बाराव्या दिवसावर आलाय," त्या म्हणाल्या. "एकवीस दिवसांचा असतो. निदान तेवढा पुरा करू द्या."

"ठराव झाला बाई," नगराध्यक्ष म्हणाले. "विषय क्रमांक आठ."

दुसऱ्या दिवशी खाणीवर बोर्ड लागला. तिसऱ्या दिवशी तार. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी बाईंकडून लेखी घेतलं की यापुढे वर्ग घेणार नाही. गावात लोक माझा हात हातात घेऊन म्हणत, रासनेभाऊ, एका दगडात दोन कामं केलीत.

मे महिन्याच्या एकोणीस तारखेला दुपारी मी टॉवर चौकात होतो. नगरपालिकेचे इंजिनिअर टेप धरून होते आणि मी खडूनं रस्त्यावर कठड्याची रेघ मारत होतो. ऊन मी म्हणत होतं, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. जिथं कल्याणी पडली होती तिथून रेघ पुढे नेताना माझा हात थरथरला नाही, याचंच मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात पानाच्या गादीवरून कुणीतरी ओरडलं, "खाणीत पोरगी गेली!"

माझ्या तोंडून पहिला शब्द काय गेला, तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. मी इंजिनिअरना म्हणालो, "बघा. मी सांगत नव्हतो?"

खडू खिशात टाकून मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. वस्तीवर पोचलो तर काठावर शे-दीडशे माणूस. तार एका ठिकाणी वाकवलेली होती. ती त्या दिवशी वाकवलेली नव्हती. पायवाट चांगली रुळलेली दिसत होती. बायका तिथूनच धुण्याला जात असणार, तार लागली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

पाण्यात कुणीतरी बुडी मारलेली होती. सगळे त्या जागेकडे बघत होते. खूप वेळ गेला. मग डोकं वर आलं. तोरसकर बाई. साडीचा काष्टा मारलेला. श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेल्या. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा वर आल्या तेव्हा एका हातानं पोहत होत्या.

काठावर आणून त्यांनी मुलीला पालथं घातलं, पाठ दाबली, तोंडाला तोंड लावून हवा भरली. कितीतरी वेळ करत राहिल्या. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या थांबल्या.

रेणुका होती ती. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हसरी म्हणून ऐकलं होतं फक्त.

नागव्वा, तिची आई, खडी फोडायला गेली होती. तिला आणलं. तिचा आवाज मी सांगत नाही.

बाई उठल्या. अंगावरून पाणी गळत होतं. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेल्या, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिथं आहे हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं सुरू झालं. बाईंनीच पोरींना पाण्याचा नाद लावला. नगरपालिकेनं बंदी घातली होती, तेच बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी विशेष सभा झाली, चौकशी समिती नेमली, आणि अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी एकमुखानं माझं नाव घेतलं. धोका आधी ओळखणारा माणूस म्हणून.

समिती म्हणजे मी, आरोग्य निरीक्षक आणि लिहून घ्यायला एक कारकून. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाईंना जबाबाला बोलावलं. त्या आल्या, खुर्चीवर बसल्या.

"मयत मुलगी आपल्या वर्गात होती?" निरीक्षकांनी विचारलं.

"होती."

"म्हणजे तिला पोहता येत होतं."

"नाही," बाई म्हणाल्या. "बारा दिवसांचं येत होतं."

निरीक्षकांना कळलं नाही. मलाही कळलं नाही.

"पहिले आठ दिवस मी पाण्याची भीती घालवते," बाई म्हणाल्या. अगदी वर्गात शिकवावं तशा सांगत होत्या. "भीती घालवल्याशिवाय अंग तरंगतच नाही. मग चार दिवस हात मारायला शिकवते. पुढे जायला. बाराव्या दिवशी मूल सरळ पुढे जातं. त्याला वाटतं, आलं आपल्याला. वळायला, परत फिरायला आणि दमलं की उताणं पडून राहायला मी तेराव्या दिवसापासून शिकवते. ते आलं की मूल बुडत नाही. एकवीस दिवस त्यासाठी असतात."

कारकुनाचं पेन थांबलं होतं.

"अजिबात न शिकलेली मुलगी काठ सोडत नाही," त्या म्हणाल्या. "भिते. पुरती शिकलेली परत येते. अर्धी शिकलेली तेवढी जाते. आईचं लुगडं धुताना पाण्यात वाहून गेलं, म्हणून ती मागं गेली. लुगड्यापर्यंत पोचली, असं तिची धाकटी बहीण सांगते. बरोबर पोचली. मी शिकवलं होतं तसंच हात मारत गेली. लुगडं हातात धरलं आणि मग वळायचं कसं ते तिला माहीत नव्हतं."

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली.

मग बाई पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुम्हाला तलाव नको होता, मला समजत होतं का नको ते. तुमच्या जागी मी असते तर मलाही नको असता. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणाला असता ना, की बाई, तलाव मागे घ्या, तर मी तिथल्या तिथं घेतला असता. मला नऊ दिवस पाहिजे होते. तेवढे कुणाला द्यायला जड नव्हते."

त्या रडल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. जबाबाखाली सही करायला कागद मागितला. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, काय काय लिहू, अशा अर्थानं.

"पोहण्याच्या वर्गात होती, एवढं लिहा," मी म्हणालो.

त्यानं तेवढंच लिहिलं. बाईंनी वाचलं आणि सही करून गेल्या.

माझ्या अहवालात मी बाईंवर ठपका ठेवला नाही. पण एकवीस दिवस, बारा दिवस, यातलं काहीही लिहिलं नाही. 'मनाई असताना पाण्यात उतरल्यानं अपघाती मृत्यू.' आरोग्य निरीक्षकांनी सही केली. ते मला ओळखून होते. पण त्यानंतर माझ्या दुकानासमोरून जाताना नेहमी थांबायचे, ते थांबायचे बंद झाले. जुलैत बाईंची बदली झाली. त्यांनी स्वतःच मागितली म्हणे.

जबाबाच्या रात्री नव्हे, त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, एका दुपारी मी सुमतीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं आणि आत जाऊन पडली. तिन्हीसांजेला उठून दिवा लावला.

श्रावणात एका सकाळी दारात नागव्वा येऊन उभी राहिली. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी, आईच्या पदराला धरून.

"दादा, आत येऊ का?"

मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, हिला कळलं. बाईंनी जाताना सांगितलं असेल. एका परीनं बरंही वाटलं.

ती उंबऱ्याच्या आत येऊन खालीच बसली. खुर्ची दिली तरी बसली नाही. पदराखालून घडी घातलेला कागद काढला. कुणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज, खाली तिचा अंगठा.

"वस्तीच्या रस्त्यावनं खडीचे डंपर पळत्यात," ती म्हणाली. "ही आता शाळंत जाती. रोज जीव टांगणीला. तितं दोन उंचवटे करून द्या. समदी म्हनत्यात, रस्त्याचं काम रासनेदादा करत्यात. त्यांची बी लेक गेली, त्यास्नी कळंल."

मी कागद घेतला. वाचता येईना. अक्षरं हलत होती.

"करतो," मी म्हणालो.

ती उठली नाही. धाकटीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"एक इचारू का दादा?"

"विचार."

"समदी म्हनत्यात, बाईंनी नाद लावला. बाईंनी लावला नसता तर माझी रेणू गेली नसती. तुमी चौकशीला हुता. खरं हाय का ते?"

आतल्या दाराशी सुमती येऊन उभी राहिली होती. मला तिची सावली दिसत होती.

"नाही," मी म्हणालो. "बाईंचा काही दोष नाही. बाई चांगल्या होत्या."

"मग कुनाचा?"

तिनं हे भांडणानं विचारलं नाही. माझ्याकडे खरोखर उत्तर असेल अशा विश्वासानं विचारलं. मी तोंड उघडलं. शब्द ओठावर आला होता. 'माझा' हा किती लहान शब्द आहे.

"कुणाचाच नाही," मी म्हणालो.

नागव्वानं मान हलवली. "मला वाटतंय माझाच आसंल," ती म्हणाली. "बोर्ड लावला हुता, तारा लावल्या हुत्या. नगरपालिकेनं समदं केलं. मी लक्ष द्यायला पायजे हुतं. लुगडं माझंच हुतं."

मग ती वाकली, माझ्या पायाला हात लावला आणि उठली. सुमती पुढे झाली, धाकटीच्या हातात खडीसाखर ठेवली, आणि दोघींना फाटकापर्यंत पोचवून आली.

ती आत आल्यावर मी म्हणालो, "मी वस्तीवर जातो. आत्ता जाऊन तिला सांगतो. तिचा दोष नाही म्हणून सांगतो."

"जा," सुमती म्हणाली.

मी चपला घातल्या. सायकल काढली. फाटकापर्यंत गेलो. तिथंच थांबलो. नागव्वा रस्त्याच्या वळणावर अजून दिसत होती. धाकटीला तिनं आतल्या बाजूला घेतलं होतं आणि स्वतः रस्त्याच्या बाजूनं चालत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी हाक मारली नाही. ती वळणाआड गेल्यावर सायकल पुन्हा भिंतीला लावली. सुमती ओट्यावर उभी राहून बघत होती. ती आत जाऊन स्वयंपाकाला लागली.

आठ दिवसांत वस्तीच्या रस्त्यावर दोन गतिरोधक झाले. मी उभा राहून करून घेतले. दिवाळीपर्यंत टॉवर चौकाचं काम पुरं झालं. पिवळे कठडे, पदपथ, पट्टे, सिग्नल. तेव्हापासून आजपर्यंत त्या चौकात एकही माणूस गेलेलं नाही. सकाळी शाळेच्या वेळी मुलं रांगेनं पट्ट्यावरून जातात. हे मी खोटं कसं म्हणू? बघायला छान वाटतं. पण मी तिथं जास्त वेळ उभा राहू शकत नाही. कल्याणीचा चेहरा आठवायला जातो आणि पाण्यातून काढलेला चेहरा पुढे येतो. हळूहळू असं झालं की कल्याणीचा चेहरा मला फोटोत बघावा लागायला लागला.

पुढची निवडणूक मी लढलो नाही. लोकांना वाटलं, काम झालं म्हणून. तलाव नऊ वर्षांनी झाला, दुसऱ्यांनी केला. उद्घाटनाचं बोलावणं मला आलं होतं. सुमती एकटी जाऊन आली.

बाईंना मी एकदा पत्र लिहिलं. पत्ता मिळवला होता. उत्तर आलं नाही, आणि ते बरोबरच होतं, कारण पत्रात मी फक्त तब्येतीची चौकशी केली होती.

सुमती जाऊन चार वर्षं झाली. तिच्या दहाव्याला नागव्वा आली होती, दिवसभर राहिली, भांडी घासली, कुणी नको म्हटलं तरी. आता ती थकली आहे. खडीचं काम सुटलं. धाकटी शिकून नर्स झाली, सोलापूरला असते. सणावाराला नागव्वा माझ्याकडे काहीतरी घेऊन येते, कधी शेंगाची चटणी, कधी भाकरी. म्हणते, दादा एकटे असतात.

परवा संक्रांतीला आली. तिळगूळ दिला, खाली बसली. गुडघ्याला हात लावून थोडा वेळ दम खाल्ला.

"दादा," ती म्हणाली, "रेणू असती तर आता चाळिशीला आली असती."

"हो," मी म्हणालो.

"मी आजून इचार करती, मी त्या दिशी कामाला गेली नसती तर."

मी तिच्यासमोर बसलो होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. माझं वय सत्तरीला आलंय, तिचंही फार मागे नाही. किती संक्रांती उरल्यात ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.

"नागव्वा," मी म्हणालो.

"काय दादा?"

"बस. चहा टाकतो."